पत्त्यांच्या खेळातील एक कर्तबगार स्त्री

पत्त्यांवर पैसे लावणाऱ्या बाईची हकीकत मंडळाच्या स्मरणिकेत कशासाठी, असे काही जणींच्या मनात येईल. जुगारापायी धुळीला मिळालेले संसार आपल्याला ठाऊक आहेत, आणि द्यूत म्हटले की पणाला लावलेली द्रौपदीच आठवते. त्या नादाची भलावण मला करावयाची नाही. परंतु पुरुषांचा मानलेल्या एका खेळात एक स्त्री स्वतःच्या बुद्धीवर कशी पुढे आली, हा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

बार्बरा एनराइट यांचा जन्म १९४९ सालचा, अमेरिकेतील लॉस एंजेलिसचा. अगदी लहानपणी थोरल्या भावाबरोबर त्या पत्ते खेळू लागल्या. पुढे केशभूषेचे काम करून त्यांनी पोट भरले. १९७६ च्या सुमारास त्या पत्त्यांच्या क्लबात पोकर खेळू लागल्या, आणि नोकरीपेक्षा तेथे मिळकत अधिक होते असे दिसल्यावर त्यांनी तोच व्यवसाय केला.

पोकर हा आपल्या तीन पत्तीच्या जातकुळीतला खेळ. त्याच्या प्रसिद्ध प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात; मध्ये पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडतात, ती सर्वांची. या सातांतून ज्याची पाच पाने सरस, त्याचा डाव. मात्र हलकी पाने असूनही मोठी रक्कम लावून हूल देता येते. समोरच्याने घाबरून पाने टाकली तर डाव आपला. एका डावात नशीब चालते. वर्षानुवर्षे खेळावयाचे तर कोणता डाव सोडावा, किती रकमेपुढे जाऊ नये आणि समोरच्याचा चेहरा काय सांगतो, हे कळावे लागते. बाजारात भाव करणाऱ्या बाईला यातले बरेचसे ठाऊक असते!

लास व्हेगास येथे १९७० पासून या खेळाची जागतिक स्पर्धा भरते. १९७७ साली तीत बायकांचा वेगळा सामना सुरू झाला. विजेत्याला रकमेबरोबर हातातले कडेही मिळते. बार्बराबाईंनी बायकांचा सामना १९८६ साली व पुन्हा १९९४ साली जिंकला. बायकांत पहिली आली खरी, पण पुरुषांपुढे टिकेल काय, हा प्रश्न अशा वेळी नेहमीच निघतो.

त्याचे उत्तर १९९५ साली मिळाले. मुख्य सामना सर्वांना खुला, प्रवेश फी दहा हजार डॉलर. २७३ खेळाडू बसले. एकेक बाद होत गेले, आणि शेवटच्या मेजावर बार्बराबाई होत्या. तेथवर पोचलेल्या त्या पहिल्याच स्त्री. पाच जण उरले असता त्यांच्या हाती अठ्ठ्यांची जोडी आली व त्यांनी जवळचे सर्व काही लावले. समोर ब्रेंट कार्टर यांच्याकडे छक्की आणि तिर्री. अशी गाठ पडल्यास पाचांत सुमारे चार वेळा अठ्ठ्याच जिंकतात. पण मधल्या पानांत छक्कीही आली आणि तिर्रीही. हिशेब बरोबर असून दान उलटे पडले! बार्बराबाई पाचव्या आल्या व त्यांना १,१४,१८० डॉलर मिळाले.

१९९६ साली त्या पुन्हा खुल्या सामन्यात बसल्या, आणि या वेळी पुरुषांसह सर्वांना हरवून त्यांनी १,८०,००० डॉलर व तिसरे कडे मिळविले. तीन कडी मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. २००७ साली 'पोकर हॉल ऑफ फेम' या मानाच्या यादीतही स्त्रियांत पहिले नाव त्यांचेच लागले.

पुढे व्हेनेसा सेल्बस्ट यांनी २००८, २०१२ आणि २०१४ साली तीन कडी जिंकली, ती तिन्ही खुल्या सामन्यांत. परंतु मुख्य सामन्याच्या शेवटच्या मेजावर दुसरी स्त्री दिसायला ३० वर्षे लागली. २०२५ साली स्पेनच्या लिओ मार्गेट्स ९,७३५ खेळाडूंत सातव्या आल्या.

बायकांचे वेगळे सामने म्हणून टाकाऊ ठरत नाहीत. आपल्या चारचौघींत हात बसतो, भीड चेपते. आपले मंडळही तेच काम करते. पण तेवढ्यावर थांबून चालत नाही. दोन कड्यांवर बार्बराबाई समाधान मानून बसल्या असत्या, तरी त्यांना कोणी नाव ठेवले नसते. त्या खुल्या मेजावर गेल्या, हरल्या, आणि पुढच्याच वर्षी परत जाऊन बसल्या. पत्त्यांना हात न लावताही एवढे त्यांच्यापासून आपल्याला घेता येईल.