एडीएचडी असलेल्या मुलांचा मेंदू समोरचा चेहरा कसा वाचतो?

बाईंचा आवाज न चढताही त्या रागावल्या आहेत, हे वर्गातल्या बहुतेक मुलांना चेहऱ्यावरून कळतं. एखाद्याला मात्र ते कळत नाही. मग त्याच्यावर 'उद्धट' असा शिक्का बसतो. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, असलेल्या काही मुलांच्या बाबतीत असं घडतं.

मेंदूत काय होतं?

चेहरा दिसल्यावर साधारण 170 मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागापेक्षाही कमी वेळात, मेंदूच्या मागच्या भागात एक विद्युत लहर उमटते. तिला 'एन170' म्हणतात. डोक्याला इलेक्ट्रोड लावून ईईजीवर ती मोजता येते. चेहरा उलटा दाखवला की ही लहर थोडी उशिरा येते.

एडीएचडीत काय वेगळं असतं?

चेहरा ओळखणं आणि चेहऱ्यावरचा भाव ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. एडीएचडीत अडचण जास्त करून दुसऱ्या कामात, विशेषतः राग आणि भीती ओळखण्यात, दिसते. काही अभ्यासांत एन170 वेगळी आढळली, काहींत फारसा फरक दिसला नाही. साधारण 300 मिलिसेकंदांनंतर येणारी, लक्ष देण्याशी जोडलेली 'पी300' ही लहर मात्र अनेक अभ्यासांत कमी उंचीची दिसली आहे. थोडक्यात, चेहरा दिसतो, पण त्यावर लक्ष पुरेसं टिकत नाही.

मग ईईजी काढून निदान होतं का?

नाही. हे फरक गटांच्या सरासरीत दिसतात. एकट्या मुलाचा आलेख पाहून 'आहे' किंवा 'नाही' सांगता येत नाही. त्यामुळे फक्त 'ब्रेन मॅपिंग'वर निदान देणाऱ्या महागड्या तपासणीवर पैसे घालवण्याआधी डॉक्टरांना प्रश्न विचारा. निदान वागणुकीवरून होतं. 2013 च्या डीएसएम-5 निकषांनुसार लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधी सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर, शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसलेली असावी लागतात.

पवनानगरच्या पालकांनी कुठे जायचं?

2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा मोफत तपासणी होते. तपासायच्या आजारांच्या यादीत एडीएचडीही आहे. पवनानगर आणि पवना धरणाच्या काठच्या गावांतल्या पालकांनी शंका असल्यास पथकाला किंवा आशाताईंना स्पष्ट सांगावं. गरज पडल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं जातं. टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावरही सल्ला मिळतो.

तोपर्यंत काय करता येईल?

फक्त डोळे वटारू नका. मुलाच्या समोर या, नाव घ्या आणि 'मला राग आलाय, आता वही काढ' असं थोडक्या शब्दांत सांगा. जे चेहऱ्यावरून पोहोचत नाही, ते शब्दांतून पोहोचू शकतं.