साखळी तुटते तेव्हा

आपल्या कर्जत तालुक्यात शेततळ्याला अंथरलेल्या प्लॅस्टिकला सारेजण ‘कागद’ म्हणतात. हा कागद काळा का, याचा विचार आपण सहसा करीत नाही. त्यात काजळी मिसळलेली असते आणि उन्हातील अतिनील किरण ती आपल्या अंगावर घेते. ती नसती तर कागद लवकरच ठिसूळ होऊन हातात चुरला असता. प्लॅस्टिक म्हणजे हजारो लहान रेणूंची एकास एक जोडलेली लांब साखळी. ऊन, उष्णता, ओल, आम्ल यांनी तिच्या कड्या तुटू लागल्या की वस्तूचे बळ सरते. कामगार संघटनेत जन्म घालवलेल्या आम्हांस ही गोष्ट समजण्यास जड गेली नाही.

या साखळीच्या इतिहासाचे एक प्रकरण आपल्याच महाराष्ट्रात घडले. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. तो ज्या पट्टीवर उमटला होता ती सेल्युलॉइडची, म्हणजे कापसाच्या तंतूंवर नत्राम्लाची क्रिया करून बनविलेली. कच्च्या पट्टीला कडेची भोके नसत; ती अंधारात बसून पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई फाळके करीत. रसायने मिसळणे, पट्टी धुणे हेही त्यांनीच केले, आणि वर चित्रपटासाठी राबणाऱ्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही. तारामतीची भूमिका करणारे अण्णा साळुंके हे उपाहारगृहात काम करणारे गृहस्थ. भारतीय चित्रपटाचा पाया अशा हातांनी घातला, हे विसरून चालणार नाही.

पण ही पट्टी आपल्या नाशाचे बीज पोटात घेऊनच जन्मास येते. काळ लोटला की तिच्यातून नत्राचे वायू सुटतात, ओलीशी मिळून त्यांचे आम्ल होते आणि ते आम्ल उरलेली साखळी आणखी वेगाने तोडते. पट्टी प्रथम पिवळी पडते, मग चिकट होते, शेवटी तपकिरी भुकटी उरते. पेटली तर विझविणे कठीण, कारण जळण्यास लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो. 1951च्या सुमारास ती बनविणे थांबले. तिच्या जागी आलेली ॲसिटेटची ‘सुरक्षित’ पट्टीही अमर नव्हती. उष्ण व दमट हवेत ती आंबते आणि तिला शिरक्याचा वास सुटतो. या विकाराची पहिली तक्रार भारत सरकारकडूनच गेली होती.

आपल्या देशात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकी आज तीसही हाती नाहीत. काही कुजले, काही जळले, काही पट्टीतल्या चांदीसाठी विकले गेले. 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथे पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून जुन्या पट्ट्या जमविल्या. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भाग त्यामुळेच उरला. पुढे 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यातच जुन्या पट्ट्यांच्या कोठाराला आग लागली आणि अनेक दुर्मीळ चित्रपट कायमचे गेले.

साखळी तोडण्याची हीच विद्या माणसाने कामासही लावली. 1981 साली अमेरिकेत मद्रासकडचे रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सहकाऱ्यांसह अतिनील लेसरचे प्रयोग केले. 193 नॅनोमीटर लांबीच्या लहरीचा क्षणभंगुर झोत पडला की वरचा अत्यंत पातळ थर कड्या तुटून उडून जातो आणि शेजारचा भाग होरपळत नाही, असे त्यांना आढळले. ऊन जे काम वर्षानुवर्षे करते, ते येथे डोळ्याचे पाते लवण्यापूर्वीच होते. चष्मा घालविण्याच्या शस्त्रक्रियेत आज हाच झोत बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला आकार देतो.

आता उलट बाजू पाहा. जे जपायचे ते कुजले. जे फेकायचे ते सरत नाही. पिशवी उन्हात फाटते म्हणजे ती नाहीशी होत नाही. तिचे तुकडे बारीक होत जातात आणि मातीत, पाण्यात राहतात. महाराष्ट्र सरकारने मार्च 2018 मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. परंतु त्याच्या कितीतरी आधी हा कचरा वेचून पुन्हा कारखान्याकडे धाडण्याचे काम गरीब बाया करीतच होत्या. 1993 साली पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. कचरा वेचणे हे काम आहे आणि ते करणारी बाई कामगार आहे, हे तिने शहराकडून मान्य करून घेतले.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. शेततळ्याचा जीर्ण कागद बांधावर पेटवू नका. त्याचे तुकडे होण्याआधी तो गोळा करा, धुऊन सुकवा आणि भंगारवाल्याकडे पोहोचवा. आणि तो पुढे ज्या हातांत जाईल, त्या हातांना हातमोजे व रास्त दाम मिळतात की नाही, हेही विचारा. सरस्वतीबाईंच्या कामाचे मोल कळण्यास आपल्याला फार वर्षे लागली. या बायांच्या बाबतीत तितका उशीर नको.