नंबर आपला, यादी कुणाची?

आज टेलिफोनच्या यादीची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट जुनी आहे, पण तिचं शेवटचं टोक आपल्या हातातल्या मोबाइलपर्यंत येतं. अनोळखी नंबरवरून फोन येतो, समोरचा माणूस आपल्याला नावाने हाक मारतो, कधी गावाचंही नाव घेतो. आपण घाबरतो आणि मनात म्हणतो, याला माझा नंबर दिला कुणी? या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर थोडं मागे जावं लागेल.

नाव-गाव लिहून ठेवण्याची रीत आपल्या भागात फार जुनी आहे. कल्याण हे दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदर. बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. त्यांत कल्याणचे लोक आहेत आणि बायकाही आहेत. कोण, कुठली, काय दिलं, एवढं त्यात लिहिलेलं असतं. पण ही नावं त्यांनी स्वतःच्या मर्जीने कोरून घेतली होती. यातला ‘मर्जीने’ हा शब्द लक्षात ठेवा. आजची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

टेलिफोनची पहिली यादी १८७८ साली अमेरिकेत न्यू हेवन या गावी निघाली. एकच कागद, त्यावर पन्नास नावं. गंमत म्हणजे त्यावर नंबर नव्हतेच. फोन उचलून नाव सांगायचं, एक्स्चेंजमधला माणूस जोडून द्यायचा. आपल्या मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झालं. पुढे नंबर आले, याद्या वाढल्या आणि त्यांची जाड डिरेक्टरी झाली.

ज्या घरात फोन होता, तिथे ही डिरेक्टरी फोनशेजारी असायची. नंबर सापडला नाही तर १९७ फिरवायचा. ठाण्याचे फोन मुंबईबरोबर ०२२ मध्ये, आणि कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचे ०२५१ मध्ये. त्या काळी फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. त्यामुळे डिरेक्टरीत नाव छापून येणं हा मान होता.

पण मैत्रिणींनो, त्या डिरेक्टरीत बाई कुठे होती? फोन बहुतेक घरच्या पुरुषाच्या नावावर. डॉक्टरीण, वकील, मोठ्या बाई अशा काहींची नावं असत. बाकी आपण सगळ्या ‘अमक्यांच्या घरी’. त्यामुळे बाईला शोधायचं तर आधी घराला फोन लागायचा आणि तो सासूबाई किंवा सासरे उचलायचे. त्यात जाच होता, हे खरं. पण कुणी परका थेट आपल्यापर्यंत पोचत नव्हता, हेही खरं.

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्यानंतर काही वर्षांतच मोबाइल गावागावांत आला आणि बाईच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा नंबर आला. बँकेचं खातं, गॅस, आधार, मुलांची शाळा, बचत गटाचं रजिस्टर, सगळीकडे तो लिहिला गेला. मोबाइलची गावभराची छापील डिरेक्टरी मात्र घरोघर कधी आली नाही. त्यामुळे आपल्याला वाटलं, आपला नंबर आपल्यापाशीच आहे.

तसं नव्हतं. २०१७ साली उत्तर प्रदेशातली एक बातमी देशभर गाजली. रिचार्जच्या दुकानांतून मुलींचे नंबर विकले जात होते. भाव पन्नास रुपयांपासून पाचशेपर्यंत, आणि तो मुलगी दिसायला कशी आहे यावर ठरायचा. रिचार्जसाठी वहीत लिहून दिलेला नंबर, तोच विकला गेला. मुलीला कुणी विचारलंसुद्धा नाही.

आपल्या ठाणे जिल्ह्यातही असं घडलं आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. आतली मुलं-मुली अमेरिकेतल्या लोकांना फोन करून, आम्ही तिकडच्या आयकर खात्याचे अधिकारी आहोत, कर भरा नाहीतर अटक होईल, असं धमकावत, असा आरोप होता. शेकडो जणांची चौकशी झाली, सत्तर जणांना अटक झाली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अहमदाबादच्या अशाच कॉल सेंटरांवर खटला जाहीर केला. माणसांची माहिती त्यांनी कुठून मिळवली, याचं उत्तर त्या खटल्यात होतं. त्यातली बरीच माहिती दलालांकडून घेतलेली होती.

हे दलाल म्हणजे माहितीचा घाऊक व्यापार करणारे. जमीन-घराच्या नोंदी, मतदार याद्या, दुकानातल्या खरेदीच्या नोंदी असं इकडून-तिकडून गोळा करायचं आणि माणसाचं नाव टाकलं की पत्ता, फोन, नातेवाईक दाखवायचे. अमेरिकेत हा धंदा उघडपणे चालतो.

त्याची किंमतही तिथल्या बायकांनी मोजली आहे. १९८९ साली लॉस एंजेलिसमध्ये रिबेका शेफर या एकवीस वर्षांच्या अभिनेत्रीचा पाठलाग करणाऱ्या एका माणसाने तिच्या दारात खून केला. तिचा पत्ता त्याने एका खासगी गुप्तहेराकडून मिळवला होता, आणि गुप्तहेराला तो मिळाला वाहन खात्याच्या नोंदीतून. तिने गाडीच्या कामासाठी सरकारला दिलेला पत्ता मारेकऱ्याच्या हातात पडला. त्या खुनानंतर, १९९४ साली, वाहन खात्याची माहिती अशी देण्यावर अमेरिकेत बंदी आली. अलीकडे कॅलिफोर्निया राज्याने आणखी एक कायदा केला. त्यानुसार एकच अर्ज केला की नोंदलेल्या सगळ्या दलालांनी त्या माणसाची माहिती पुसायची.

आपल्याकडे कायदा उशिरा आला. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी ते प्रकरण कोर्टात नेलं होतं. त्यातूनच पुढे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क त्यात आहे. हा भाग दीड वर्षाने, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात लागू व्हायचा आहे. पण यात एक मेख आहे. जी माहिती आपण स्वतःच जाहीर केली, तिला हा कायदा लागू नाही. पापडाच्या पाकिटावर छापलेला नंबर आपणच जाहीर केलेला असतो.

मग आज काय करता येईल? चार गोष्टी सांगते.

पहिली, नंबरवरून नाव दाखवणारी ॲपं. ट्रूकॉलर हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं, २००९ साली स्वीडनमध्ये निघालेलं. तिथे आपलं नाव दिसण्यासाठी आपणच ते वापरत असायला हवं असं नाही. नंबर काढायचा असेल तर आधी ॲपच्या सेटिंगमधून खातं बंद करा. नुसतं ॲप काढून टाकू नका, त्याने खातं बंद होत नाही. मग त्यांच्या वेबसाइटवर ‘अनलिस्ट’ नावाचं पान आहे, तिथे ९१ लावून नंबर टाका. पुन्हा तेच ॲप वापरायला घेतलं तर नाव परत यादीत येतं, हे ध्यानात असू द्या.

दुसरी, गूगल. आपलं नाव किंवा नंबर टाकून शोधा. पत्ता किंवा नंबर दिसला तर तो शोधातून काढण्याची विनंती गूगलकडे करता येते. पण गूगलने काढलं तरी मूळ साइटवर ते राहतंच. त्या साइटला वेगळं कळवावं लागतं.

तिसरी, गटाचा नंबर वेगळा ठेवा. पाकिटावर, फलकावर, प्रदर्शनात तोच द्या. घरच्या बाईचा नंबर ग्राहकांपर्यंत जायला नको. रिचार्जच्या दुकानात शक्य तर नंबर मोठ्याने सांगू नका.

चौथी, सरकारी सोय वापरा. जाहिरातींचे फोन बंद करायला १९०९. फसवणुकीत पैसे गेले तर लगेच १९३०, जितक्या लवकर कराल तितकं बरं. आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते ‘संचार साथी’वर पाहता येतं. आणि कुणी नको असताना सारखा फोन-मेसेज करून मागे लागला, तर तो पाठलागाचा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. पोलीस ठाण्यात जाऊन हे कलम सांगा. ‘नंबर बदला की’ एवढ्यावर परत येऊ नका.

नंबर बदलायला सांगणं सोपं असतं. पण त्या नंबरला आपलं बँकेचं खातं जोडलेलं असतं, माहेरच्यांना तो पाठ असतो, ग्राहक त्यावर ऑर्डर देतात. स्वतःचा नंबर मिळायला बाईला शंभरावर वर्षं लागली. आता कुणाच्या त्रासापायी तो सोडून देण्याऐवजी, न विचारता केलेल्या यादीतून आपलं नाव काढायला लावूया. येत्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की अर्धा तास काढा, ज्यांना फोन चांगला चालवता येतो त्यांच्या शेजारी बाकीच्या बसा, आणि एकेकीचा नंबर तपासून बघा.