एकच जंतू, अनेक वाण

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर कणकुंबी हे गाव वसले आहे. मलप्रभा नदीचा उगम तेथलाच. अशा धुवांधार पावसाच्या मुलखात म्हैस पाळणाऱ्यास ज्या रोगाची धास्ती असते, तो घटसर्प. जनावर तापाने फणफणते, गळा सुजतो, श्वास घरघरू लागतो आणि पुष्कळदा एकदोन दिवसांतच दावे रिकामे होते.

आता पिंजऱ्यात पाळलेला ससा पाहा. त्याचे नाक वाहते, तो शिंकतो, नाक पुसून पुसून पुढच्या पायांचे केस चिकटतात. रोग बळावल्यास फुप्फुसे बिघडतात. या सर्दीचा आणि म्हशीच्या घटसर्पाचा काही संबंध असेल, असे सहसा कोणास वाटणार नाही. तथापि घटसर्पाचा जो जंतू, त्याच जातीचा जंतू सशाच्या या विकारातही प्रामुख्याने सापडतो. त्याचे नाव पाश्चुरेला मल्टोसिडा.

हे नाते उलगडण्यास पाऊणशे वर्षे लागली. 1880 साली लुई पाश्चर यांनी कोंबड्यांच्या कॉलऱ्याच्या जंतूवरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. 1886 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ह्यूपे यांनी कोंबड्या, ससे, डुकरे व गुरे यांचे असे रोग एकाच वर्गात घातले. पुढच्याच वर्षी ट्रेव्हिसान यांनी या जंतूंना पाश्चर यांचे नाव दिले.

त्याच 1887 साली ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या सरकारने सशांचा उच्छाद थांबविणाऱ्यास 25,000 पौंडांचे बक्षीस जाहीर केले. कोंबड्यांचा जंतू सशांवर सोडावा, असे पाश्चर यांनी सुचविले. फ्रान्समधील रँस येथे प्रयोग यशस्वी झाला. 1888 मध्ये त्यांचे भाचे आद्रियँ ल्वार सिडनीजवळच्या रॉड बेटावर गेले. तेथे जंतुमिश्रित चारा खाल्लेले ससे मेले. परंतु त्यांच्यापासून इतरांना रोग म्हणावा तसा लागेना. उलट पक्ष्यांना मात्र धोका दिसला. योजना नामंजूर झाली. मारण्याची शक्ती निराळी आणि पसरण्याची शक्ती निराळी, हा धडा मिळाला.

आपल्याकडे 1889 साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात गुरांच्या रोगांच्या संशोधनासाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे पहिले प्रमुख. 1893 मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वरला हलविण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच.

प्रारंभी ज्या प्राण्यात जंतू सापडे, त्याच्यावरून त्याला वेगळे नाव मिळे. 1939 साली रोझेनबुश व मर्चंट यांनी या सर्वांना एका नावाखाली आणले. मग 1950 नंतरच्या दशकात कार्टर यांनी जंतूभोवतीच्या कवचावरून त्यांचे प्रकार पाडले. सशात व कोंबडीत बहुधा ‘ए’ प्रकार आढळतो. आशियातील घटसर्पामागे ‘बी’, तर आफ्रिकेत ‘ई’ हाही असतो.

भात म्हटले म्हणून सारे भात एक नव्हे. वाण पाहूनच शेतकरी पेरतो. जंतूंचेही तसेच आहे. निरोगी दिसणारे जनावरही त्यांना नाकाघशात बाळगून असते. थकवा, उपासमार व ओलावा यांनी ते उसळतात. म्हणून घटसर्पाची लस त्याच्याच वाणापासून करतात, आणि ती टोचून घ्यायची ती पहिला पाऊस पडण्यापूर्वी. म्हशीचा गळा सुजल्यावर धावपळ केली, तर बहुधा फार उशीर झालेला असतो.