ग्रोसेतोची अकरा मिनिटं

परभणीहून मनमाडकडे निघालं की पेडगावचं छोटं स्टेशन लागतं. हा लोहमार्ग निजामाच्या काळातला, गेल्या शतकाच्या तोंडावर टाकलेला. त्या रुळांनी आमच्या भागाचं तोंड हैदराबादकडे वळवून ठेवलं होतं. मोठा खटला असला तर हैदराबाद, मोठं दुखणं असलं तर हैदराबाद, कॉलेजात शिकायचं तर उस्मानिया. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि कागदोपत्री राजधानी बदलली. माणसांच्या मनातलं शहर मात्र इतक्या लवकर बदलत नाही. आमच्या घरात फुटबॉल आला तो याच मीटरगेजवरून.

आईच्या वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. पोरवयात ते काचीगुड्याला नातलगांकडे राहून शिकले. मराठी बोलायचे, पण वाचायला त्यांना उर्दू अधिक सोपी जायची. पुढे गावी येऊन जन्मभर कापूस-ज्वारी केली. रात्री अंगणात बाज टाकली की गोष्टी सुरू व्हायच्या. रझाकारांच्या, पोलीस ॲक्शनच्या, रानात लपून काढलेल्या रात्रींच्या. त्या गोष्टी गावातल्या प्रत्येक घरात होत्या. रहीमसाबची गोष्ट तेवढी आमच्याच घरी होती.

सय्यद अब्दुल रहीम मुळात शाळामास्तर. ज्या शाळांत त्यांनी शिकवलं त्यांत काचीगुड्याचीही एक, त्यामुळे आबांना ते आपल्या मोहल्ल्यातलेच वाटायचे. हैदराबाद सिटी पोलीसचा संघ त्यांनी घडवला आणि त्या संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षं मुंबईत जाऊन रोव्हर्स करंडक आणला. आबांना करंडकांपेक्षा तालमीचं अप्रूप जास्त. रहीमसाब पोरांच्या स्पर्धा भरवायचे त्या जगावेगळ्या. एखादीत दुबळ्या पायानेच खेळायचं. एखादीत चेंडू पायात घोळवायला बंदी, आला की लगेच दुसऱ्याकडे द्यायचा. "उजव्या पायाची पोरं डाव्या पायानं मारताना पडायची, लोक हसायचे. मास्तर हसायचे न्हाईत," आबा सांगायचे. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. गरिबाच्या पोराला शिकवायचं कसं, याचा तो धडा होता असं मला आजही वाटतं.

मग यायचं १९६० चं रोम ऑलिंपिक. रहीमसाब तेव्हा भारताच्या संघाचे प्रशिक्षक होते.

भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू. पुढे जाणार गटातला एकच संघ. पहिल्या सामन्यात हंगेरीने आपल्याला २-१ असं हरवलं. त्या हंगेरीत फ्लोरियान आल्बर्ट खेळत होता आणि याच हंगेरीने पुढे फ्रान्सवर सात गोल चढवले, हे लक्षात घेतलं की एका गोलाच्या त्या हारेचं वजन कळतं. आपला गोल केला तुलसीदास बलरामने. तो सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा. आबा त्याला कायम "आपला बलराम" म्हणायचे.

२९ ऑगस्टला ग्रोसेतो गावात फ्रान्सशी गाठ पडली. हाच फ्रान्स १९४८ मध्ये लंडनला भेटला होता. तेव्हा आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि अगदी शेवटी गोल खाऊन आपण २-१ असे हरलो. त्यानंतर १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने दहा गोल घातले. १९५६ ला मेलबर्नमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले आणि भारत चौथा आला. एवढा सगळा हिशेब पाठीशी घेऊन रहीमसाबचा संघ ग्रोसेतोत उतरला. एकाहत्तराव्या मिनिटाला कर्णधार पी. के. बॅनर्जींनी गोल केला. भारत १, फ्रान्स ०. ब्याऐंशीव्या मिनिटाला फ्रान्सने फेड केली आणि सामना १-१ असा बरोबरीत सुटला.

ही बातमी आमच्याकडे पोचली ती आबांच्या उर्दू पेपरातून. हैदराबादचा 'सियासत' गाडीने शिळा होऊन यायचा आणि तो घ्यायला ते स्टेशनवर जायचे. मुगाच्या शेंगा तोडायचे दिवस होते. पेपर घेऊन ते तसेच पारावर गेले आणि वाचून दाखवलं. कोणी तरी विचारलं, जिंकले का? नाही, बरोबरी. मग त्यात काय सांगायचं, म्हणून माणसं उठून गेली. आबांना ते फार लागलं. आम्हा नातवंडांना गोष्ट सांगताना ते दर वेळी त्या अकरा मिनिटांपाशी थांबत. एकाहत्तर ते ब्याऐंशी. "तेवढा येळ फ्रान्स आपल्या मागं व्हता, लेकरांनो. मास्तरच्या पोरांच्या मागं."

मी त्यांच्या बाजूने आहे. फुटबॉलमधली बरोबरी ही कमाई असते. बलाढ्य संघासमोर नव्वद मिनिटं एकही माणूस ढिला पडू न देता उभं राहावं लागतं, तेव्हा ती मिळते. विजयाला नशिबाची एक उडी पुरते. अशा बरोबरीला अकराही जणांची शिस्त लागते.

मला हे डोळ्यांनी पाहायला मिळालं १० सप्टेंबर २०१९ ला. दोह्यात विश्वचषक पात्रता फेरीचा सामना, समोर आशियाचा विजेता कतार. पाचच दिवसांपूर्वी भारत गुवाहाटीत ओमानकडून हरला होता आणि त्याच दिवशी कतारने अफगाणिस्तानला सहा गोलांनी लोळवलं होतं. सुनील छेत्री तापाने बाहेर. त्या दिवशी मोहरम होता आणि गणपतीही अजून मांडवातच होते. रात्री मांडवामागे मोबाइल टेकवून भाचे आणि त्यांचे मित्र बसले, मीही त्यांच्यात बसले. राहुल भेके, मंदार राव देसाई अशी नावं ऐकून पोरं चमकली. भारताच्या संघात ही आडनावं असतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कतारचे हल्ले थांबत नव्हते. गोलात कर्णधार गुरप्रीतसिंग संधू एकेक चेंडू परतवत होता, पुढे आदिल खान आणि संदेश झिंगन अंगावर झेलत होते. शेवटची शिट्टी झाली, ०-०. मांडवातली माणसं आरतीला ओरडतात तशी ती पोरं ओरडली. एकानेही विचारलं नाही, की जिंकलो का. त्या रात्री मी त्यांना ग्रोसेतोची गोष्ट सांगितली, आबांच्या शब्दांत, जमेल तशी.

ती गोष्ट पुढे अर्धीच सांगितली जाते म्हणून उरलेली इथे मांडते. फ्रान्सनंतर पेरूने आपल्याला हरवलं आणि भारत गटात तळाला राहिला. पण दोनच वर्षांनी, ४ सप्टेंबर १९६२ ला, रहीमसाबच्या याच पठडीतल्या संघाने जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ असं नमवून आशियाई सुवर्ण जिंकलं. तेव्हा रहीमसाब कर्करोगाने पोखरले होते. ११ जून १९६३ ला ते गेले. त्यांच्यावरचा 'मैदान' चित्रपट २०२४ मध्ये आला, तोवर आबा नव्हते. पी. के. आणि त्यांच्याच संघातले चुनी गोस्वामी २०२० मध्ये गेले, रहीमसाबचा मुलगा आणि रोमच्या संघातला शाहिद हकीम २०२१ मध्ये, बलराम २०२३ मध्ये. रोमनंतर भारत ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये पुन्हा उतरलेला नाही, म्हणजे ग्रोसेतोची ती बरोबरी हीच तिथली आपली आजवरची शेवटची कमाई.

राज्यं बदलली तेव्हा आपण मराठवाड्याच्या लोकांनी हैदराबादच्या आठवणींत फक्त जुलमाच्या तेवढ्या ठेवल्या. त्या ठेवायलाच हव्यात. पण त्याच शहरात एका मास्तरने साध्या घरांतली पोरं फ्रान्ससमोर उभी केली, हेही आपल्या माणसांनी जवळून पाहिलं होतं. परभणी, नांदेड, जालना, बीड, कुठेही तुमच्या घरी त्या काळी हैदराबादला शिकलेलं किंवा नोकरीला असलेलं कोणी थकलेलं माणूस असेल, तर त्यांना सिटी पोलीसच्या संघाबद्दल विचारा. कोणाला खेळताना पाहिलं, कुठल्या साली, कोणाबरोबर गेला होता, सगळं विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.