हो-हो, हा-हा-हा!

१३ मार्च १९९५. अंधेरीच्या लोखंडवाला कॉम्प्लेक्समधल्या एका बागेत सकाळी पाच जण जमले आणि हसले. बस्स, एवढंच. आज ठाण्या-डोंबिवलीच्या बागांमधून आजी-आजोबा हात वर करून जे खदाखदा हसतात ना, त्या हास्यक्लबांचं मूळ हे.

डॉ. मदन कटारिया तेव्हा 'माय डॉक्टर' नावाचं मासिक चालवायचे. हसण्याच्या फायद्यांवर लेख लिहायचा होता. लिहिता लिहिता वाटलं, नुसतं लिहायचं कशाला, करूनच बघू. सुरुवातीला गोल करून उभं राहायचं आणि एकेकाने जोक सांगायचा. काही दिवसांतच पाचाचे पन्नास झाले. पण दोनेक आठवड्यांत विनोद संपले! मग चावट सुरू झाले, कोणाला तरी लागेल असे सुरू झाले, आणि काही जण म्हणाले, हे असंच चालणार असेल तर आम्ही येत नाही.

क्लब तिथेच बंद पडायचा. कटारियांनी विनोदच काढून टाकला. टाळ्या, 'हो-हो हा-हा-हा', मधे दीर्घ श्वास. पत्नी माधुरी योग शिकवायच्या, त्यामुळे प्राणायामही आला. सिंह हास्य, लस्सी हास्य, मोबाईल हास्य असे प्रकार निघाले. आपल्या भाषेत सांगायचं तर, सारखी क्रॅश होणारी डिपेंडन्सीच उडवली. विनोद सांगायला कलाकार लागतो. हो-हो करायला शेजारचे पेन्शनर काकाही पुरतात. म्हणूनच हे क्लब स्वयंसेवकांच्या जिवावर, फुकटात, गल्लोगल्ली पसरू शकले. ११ जानेवारी १९९८ ला मुंबईत पहिला जागतिक हास्यदिन झाला, आणि मीरा नायरने या क्लबांवर माहितीपट काढला.

खोटं हसू आणि खरं हसू शरीराला सारखंच, असं कटारिया म्हणतात. मला हा दावा जरा जास्तच वाटतो. पण रॉबर्ट प्रोव्हाइन या संशोधकाचं निरीक्षण होतं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो. माझ्या मते खरी गोम इथे आहे.

पाश्चात्त्य देशांत निवृत्त मंडळींचे बॉलरूम डान्सचे क्लब असतात. छानच. पण त्याला हॉल हवा, गुळगुळीत फरशी हवी, आणि मुख्य म्हणजे जोडीदार हवा. डोंबिवलीत जोशीकाका आणि कुलकर्णीकाकू वॉल्ट्झ करताहेत अशी कल्पना करा... सोसायटीची पुढची मीटिंग त्यावरच! गंमत सोडा, पण ज्यांचा जोडीदार गेलाय त्यांनी काय करायचं? हास्यक्लबाच्या वर्तुळात सगळे एकेकटेच उभे असतात. माझे बाबा चौतीस वर्षं एकाच लोकलच्या एकाच डब्यात, त्याच सात-आठ जणांबरोबर गेले. रिटायर झाल्यावर ऑफिस कोणाला आठवतंय? चुकला तो ग्रुप. सकाळी साडेसहाच्या त्या वर्तुळात त्यांना तो परत मिळाला. एखाद दिवशी गेले नाहीत तर सात वाजता फोन वाजतो, "काय हो, बरं आहे ना?" आई गेल्यानंतर हा फोन किती मोलाचा आहे ते मी पुण्यात बसून सांगू शकतो.

अर्थात सगळ्यांनाच हे हसू गोड लागत नाही. २०१२ मध्ये कुर्ल्यात तळ्याकाठच्या एका हास्यक्लबाच्या आवाजाचं प्रकरण थेट मुंबई उच्च न्यायालयात गेलं. तक्रारदारही ज्येष्ठ नागरिकच! मला त्यांचंही पटतं. सकाळी सातला खिडकीखाली रोज हा-हा-हा म्हणजे काय.

२०२० च्या टाळेबंदीत बरेच क्लब झूमवर गेले. आता झूम हे मुळात एका वेळी एकाने बोलावं यासाठी बनवलेलं. बाकीचे आवाज ते दाबून टाकतं. वीस जण एकदम हसले की ऐकू येतो एकाचाच ठो-ठो, तोही तुटक, बाकी नुसती हलणारी तोंडं. बाबांनी चार दिवस केलं आणि म्हणाले, "नको रे, हे म्हणजे रेडिओवर पत्ते खेळण्यासारखं आहे." मीटिंगची लिंक मात्र त्यांनी काढून टाकली नाही. हसणं झालं की शेवटची दहा मिनिटं सगळे नुसते हजेरी लावायचे, कोण आहे आणि कोण नाही.