अपघातात दगावलेल्या बालकाचे मोल : ज्यूरीपासून दावा-न्यायाधिकरणापर्यंत

इतरांच्या हयगयीने मृत्यू पावलेल्या मनुष्याच्या आप्तांना दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येत नाही, असा इंग्लंडच्या सामान्य विधीचा 1808 च्या बेकर विरुद्ध बोल्टन या निवाड्यापासूनचा दंडक होता. आगगाड्यांचे अपघात वाढल्यावर 1846 साली लॉर्ड कँपबेल यांच्या कायद्याने तो मोडला आणि रक्कम ठरविण्याचे काम ज्यूरीकडे सोपविले. 1855 चा हिंदुस्थानातील प्राणघातक अपघातांचा कायदा याच नमुन्यावर बेतलेला आहे. मात्र त्यात ज्यूरीच्या जागी ‘न्यायालय’ आले. हा फरक वरवर लहान दिसला तरी परिणामाने मोठा आहे. ज्यूरीला आपल्या आकड्याची कारणे द्यावी लागत नाहीत. न्यायाधीशाला ती द्यावी लागतात. बालकाच्या प्राणाचे मोल कसे ठरले, याचा लेखी इतिहास येथे उपलब्ध होतो तो यामुळेच.

बुलढाणा जिल्ह्याच्या बाबतीत या इतिहासास आणखी एक पदर आहे. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपविले गेले, तरी ते निजामाच्या सार्वभौमत्वाखालीच राहिले. म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत, ते आदेशाने लागू करावे लागत. मलकापूर, नांदुरा, शेगाव या मार्गाने रेल्वे गेली आणि 1870 साली जलंब–खामगाव फाटा सुरू झाला. यंत्रवाहनाचा धोका या कापूस पिकविणाऱ्या मुलखात आला तो असा. 1956 साली हा जिल्हा मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी 1939 च्या मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन दावा-न्यायाधिकरणांची तरतूद झाली.

मूळ अडचण तत्त्वाची होती. भरपाई शोकासाठी नसून आर्थिक हानीसाठी आहे, हे सूत्र एकदा मान्य केले की न कमावणाऱ्या बालकाच्या मृत्यूने आईबापांची हानी काय झाली, हा क्रूर प्रश्न अटळ ठरतो. 1913 च्या टॅफ व्हेल रेल्वे विरुद्ध जेंकिन्स या खटल्यात सोळा वर्षांच्या, शिवणकाम शिकणाऱ्या मुलीसाठी भावी साहाय्याची वाजवी अपेक्षा पुरेशी मानली गेली. परंतु 1921 च्या बार्नेट विरुद्ध कोहेन या खटल्यात चार वर्षांच्या मुलाबद्दलचा दावा ती अपेक्षा केवळ तर्काची ठरवून फेटाळला गेला. आयुष्य हिरावले गेल्याबद्दलची वेगळी भरपाईही 1941 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने अडीच वर्षांच्या एका बालकाच्या प्रकरणात 200 पौंडांवर आणली.

भारतात 1994 साली मोटार वाहन कायद्यास जोडलेल्या परिशिष्टाने न कमावणाऱ्या व्यक्तीचे कल्पित वार्षिक उत्पन्न 15,000 रुपये धरले. पुढे 2001 साली लता वाधवा खटल्यात, जमशेदपूर येथील 1989 च्या आगीतील दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक 24,000 रुपये धरून रक्कम वाढविली. तेथील कामगाराच्या एका अपत्यास त्याच कारखान्यात नोकरी मिळण्याची प्रथा होती, हे त्यामागील एक कारण. येथे प्रश्न उभा राहतो : ज्यांच्या बापाला अशी प्रथा लाभलेली नाही, त्या शेतकऱ्याच्या मुलाचे काय? वऱ्हाडातील मूल वेचणीत, निंदणीत, गुरांमागे राबते. त्याचे श्रम घरात मुरतात, पण ते कोणत्याही वेतनपत्रकावर चढत नाहीत.

या प्रश्नाचे काही उत्तर 2013 च्या किशन गोपाल खटल्यात मिळाले. दहा वर्षांचा मृत मुलगा आईबापांना शेतीकामात मदत करीत असे, याची नोंद घेऊन न्यायालयाने कल्पित उत्पन्न 30,000 रुपये मानले, त्यास 15 ने गुणिले आणि 50,000 रुपये मिळवून 5 लाख रुपये दिले. 2018 पासून अपत्यसहवासाच्या हानीबद्दल आईबापांना स्वतंत्र रक्कम मिळू लागली; म्हणजे 1846 साली दाराबाहेर ठेवलेला शोक मागील दाराने न्यायालयात आला.

1 जुलै 2023 रोजी सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुटा येथे समृद्धी महामार्गावर खासगी प्रवासी बस पेटून 25 जण दगावले. राज्य शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी 5 लाख रुपये जाहीर केले. असे साहाय्य सर्वांना सारखे असते, कारण ते दया आहे. भरपाई हा हक्क आहे आणि म्हणूनच तिला मोजमाप लागते. हे मोजमाप बापाच्या पेशावर जितके कमी अवलंबून राहील, तितके ते न्यायाच्या जवळ जाईल, असाच या दीड शतकाहून दीर्घ वाटचालीचा निष्कर्ष दिसतो.